वाचकांचे प्रश्न : लाख ल्युमेनची बॅटरी

प्रश्न : पहिल्या पावसात कुर्ल्या (खेकडे) पकडायला जायला आठवडा बाजारातून चार्जिंगची बॅटरी घेतली. खोक्यावर ‘१,००,००० ल्युमेन, १२ तास’ आणि आतल्या सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलंय. तासाभरात ती मिणमिणते. सेल खराब आला का? – एक वाचक, देवगड

उत्तर : सेल बिचारा बरा असेल, छपाई खोटी आहे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. म्हणजे तुमच्या मुठीत असे शंभरावर बल्ब झाले! वॅटमागे १५० ल्युमेन असं सढळ हाताने धरलं, तरी लाखाला साडेसहाशे वॅट लागतील. ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) खरे मानले तर ३.७ व्होल्टने साडेछत्तीस वॅट-तास होतात. ते साडेतीन मिनिटांत संपतील. मग १२ तास कुठले?

हा १८६५० मापाचा सेल, १८ मिमी जाड नि ६५ मिमी लांब. नामांकित कंपन्यांचेही त्यात ३५००च्या आसपास थांबतात. स्वस्तातले १२०० ते २००० भरतात, कधी त्याहून कमी.

सेल काढून सोनाराच्या काट्यावर ठेवा. भरीव क्षमतेचा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ३५च्या आत असेल तर आत पोकळ कारभार. वजन बरोबर असलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, भुकटी भरूनही वजन वाढवतात. त्यावर उपाय यूएसबी मीटर, म्हणजे चार्जर आणि वायरीच्या मध्ये लावायचं छोटं मापक: पूर्ण उतरलेली बॅटरी त्यातून चार्ज करा. अशा बॅटरीतलं चार्जिंग सर्किट साधं असल्याने मीटरवरचे एमएएच सेलच्या क्षमतेच्या जवळपास येतात.

मग अंधाऱ्या खोलीत बॅटरी छताकडे रोखा, मोबाइलमधलं लक्स-मापक (उजेड मोजणारं अ‍ॅप) टेबलावर एका जागी ठेवा. पहिला आकडा एका मिनिटाने लिहा, पुढचे दर दहा मिनिटांनी. आकडा निम्म्यावर आला ती तुमची खरी वेळ. ड्रायव्हर (उजेड एकसारखा ठेवणारं सर्किट) नसलेल्या बॅटरीत सेलचा व्होल्टेज उतरेल तसा प्रकाश उतरतो. दुकानात दिपवते ती पहिली पाच मिनिटं. झूमच्या ठिपक्यालाही भुलू नका. तोच प्रकाश एका जागी गोळा होतो इतकंच, आणि पायाखालचं जनावर दिसायला पसरट उजेड लागतो.

आधी स्प्रिंग मात्र बघा. खाऱ्या हवेने हिरवट थर चढला असेल तर चांगला सेलही मंद जळतो. बारीक पॉलिश पेपरने घासून कोरडा पुसा.

प्रश्न : बेड्यावरचा ‘३०० वॅट’ सोलर दिवा पावसाळ्यात नऊलाच विझतो. – एक वाचक, गुहागर

उत्तर : पट्टी घेऊन पॅनल मोजा. ३० बाय २० सेंटीमीटरचं चांगलं पॅनल कडक उन्हात फार तर १२ वॅट देतं. दाट ढगांत त्याच्या दहा-वीस टक्के. दिवसभरात साठतं त्यात दोन-तीन वॅटचा दिवा दोन-तीन तास जळला तरी खूप. दिव्याला मंद मोड असेल तर आषाढ-श्रावणात तोच लावा, आणि पॅनलवर माडाची सावली पडत असेल तर ते आधी हलवा.