काटापट्टीच्या मागचा हिशेब

प्रिय पोरी,

काल तुझे बाबा बीपीची गोळी न्यायला आमच्या ग्रामीण रुग्णालयात आले होते. जाता जाता त्यांनी खिशातून कापसाची काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, काढली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली. मागे पेनानं लिहिलं होतं : फी १ लाख, होस्टेल-मेस ६० हजार, गुणिले ४. रेघेखाली ६ लाख ४० हजार. त्याच्याही खाली एकच शब्द, ‘वावर’. म्हणाले, "बाई, दोन एकर गहाण टाकतो, पण पोरीले नर्स करतोच." ओपीडीची रांग लागली होती, आणि ही काही उभ्या उभ्या बोलायची गोष्ट नाही. म्हणून लिहिते आहे.

तू नर्स हो. बावीस वर्षं हे काम केल्यावरही माझं मत तेच आहे. पण बाबांना एका एजंटानं सांगितलेल्या थेट, म्हणजे कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातल्या सीटवर आणि वावर गहाण टाकून नको.

बाबांनी खर्च मांडला, मिळकत मांडलीच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे माझा पगार आहे. सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. नागपूरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० आहे. हे आकडे खरेच आहेत. पण सरकारी भरती दरवर्षी निघत नाही, आणि निघाली की एका जागेमागे किती मुली असतात ते मी परीक्षा केंद्राबाहेर उभं राहून पाहिलं आहे. तोवर आपल्या तालुक्यातल्या खासगी दवाखान्यात नव्या मुलीच्या हातात दहा-बारा हजार पडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये सुचवलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयानंही नर्सला किमान २० हजार द्यावेत. आपल्याकडे ते कागदावरच राहिलं, याचा मला आजही राग येतो.

म्हणून कर्ज पहिल्या पगारावर तोलायचं. समज, शैक्षणिक कर्ज ४ लाखांचं घेतलं, दरवर्षी १ लाख उचलले, व्याज १० टक्के. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पाचव्या वर्षाअखेर साधं व्याजच १ लाख ४० हजार होतं. मग ५ लाख ४० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सात हजारांच्या वर जातो. बारा हजारांतून सात गेले तर खोलीभाडं आणि डबा कशातून? आणि हे नुसतं बँकेचं. गहाणाचे वरचे २ लाख ४० हजार यात धरलेच नाहीत. एक मात्र बाबांना सांग, ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही. वावराचा सातबारा त्यासाठी कुठेही न्यायची गरज नाही.

आता दुसरा रस्ता. बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सीईटी, दे आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. तुम्ही ओबीसीत आहात. पण ही माफी कॅपमधून मिळालेल्या सीटलाच आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचं पोट थेट सीटवर चालतं. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच, त्यासाठी तुला कोणती निर्वाह भत्ता योजना लागू होते ते महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर बघ. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची मेस हाताशी असू दे.

यंदा सीट नाही लागली तर? एक वर्ष घरी बसून जीवशास्त्र पक्कं कर. लोक बोलतील, बोलू दे. नाहीतर शासकीय संस्थेत जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, लाग. तीन वर्षांचा कोर्स आहे, मी तोच केला. राज्याच्या अधिपरिचारिका भरतीत जीएनएम आणि बीएस्सी दोघींना एकच वेतनश्रेणी मिळते. पुढे वाटलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही होते. फरक एम्ससारख्या ठिकाणी पडतो, तिथे जीएनएमला आधी पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

कॉलेजची इमारत बघून भुलू नकोस. आमच्याकडे एक मुलगी नवीन आली, चकचकीत कॉलेजची. जुलाबानं सुकलेलं दीड वर्षाचं लेकरू समोर, आई पदर तोंडात धरून उभी, आणि हिला शीर सापडेना. हात थरथरत होते. मी तिच्या मनगटाखाली माझा हात ठेवला, तेव्हा कुठे सुई बसली. नंतर रडली बिचारी. चार वर्षांत खऱ्या हातावर सात-आठ वेळाच सलाईन लावली होती, बाकी सगळं पुतळ्यावर. कॉलेजच्या रुग्णालयात पेशंटच नव्हते. म्हणून तू एखाद्या मंगळवारी सकाळी दहाला तिथल्या ओपीडीत जाऊन उभी राहा. रांग दिसली पाहिजे, वॉर्डातल्या चादरी वापरातल्या दिसल्या पाहिजेत. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार, रात्रपाळी लागते का, किती बाळंतपणं पाहिली. भारतीय परिचर्या परिषदेची, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मान्यता तपास. चौकाचौकातल्या सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग’ सर्टिफिकेटवर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर आपण नर्सच नाही.

शिकून झाल्यावर मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नकोस. माझी पहिली नोकरी एका खासगी दवाखान्यात होती. त्यांनी नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र ‘जपून ठेवतो’ म्हणून कपाटात ठेवलं. सरकारी जागेची कागद-तपासणी आली तेव्हा ते देईनात. मी तपासणीला झेरॉक्स घेऊन गेले आणि परत पाठवली गेले. ती जागा गेली, पुढची तीन वर्षांनी निघाली.

जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक. वैधतेला महिने लागतात, आणि कॅपच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. पुढच्या आठवड्यात माझी सकाळपाळी आहे. बुधवारी तीननंतर बाबांना घेऊन क्वार्टरवर ये. तुझी बारावीची गुणपत्रिका आण, आणि ती काटापट्टीही आण. तिच्यावर अजून जागा आहे, आपण तिघं मिळून उरलेला हिशेब मांडू.

तुझी,
नर्सबाई