देनोंव्हिलिए फॅशियाच्या पुढून जायचं की मागून?

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुढच्या बाजूचं डिसेक्शन (ऊती सोडवत जाणं) देनोंव्हिलिए फॅशियाच्या, म्हणजे पुरुषांत गुदाशय आणि प्रोस्टेट यांच्यामधल्या पातळ पडद्याच्या, पुढून करायचं की मागून, आणि प्रत्येक सर्जन वेगळं का सांगतो, असं तुम्ही विचारलंय.

आकृतीत फॅशिया एका ठळक रेघेनं दाखवतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो. फ्रेंच सर्जन देनोंव्हिलिए यांनी 1836 साली वर्णन केलेला हा पडदा पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) खोलगट तळापासून खाली पेरिनियल बॉडीपर्यंत (गुदद्वाराच्या पुढच्या स्नायूंच्या गाठीपर्यंत) जातो. त्यात कोलेजनबरोबर स्मूथ मसलचे तंतूही असतात. एखाद्या रुग्णात तो पांढरा, स्पष्ट दिसतो, तर दुसऱ्यात इतका विरळ की शोधावा लागतो. तो गर्भावस्थेत पेरिटोनियमचे दोन पदर चिकटून बनतो की मेसेन्काइम (गर्भातली सैल ऊती) दाट होऊन, हा वाद जुना आहे. ऑपरेशन टेबलावर त्यानं फारसं अडत नाही.

अडतं ते चिकटण्यावर. मध्यभागी फॅशिया प्रोस्टेटच्या कॅप्सूलला (बाहेरच्या आवरणाला) घट्ट बिलगलेला असतो, गुदाशयाकडे मात्र सैल. त्यामुळे मेसोरेक्टमचं (गुदाशयाभोवतीच्या चरबीचं) आवरण धरून खाली गेलात की तुम्ही आपसूक फॅशियाच्या मागे असता. ट्यूमर मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत असेल तर माझ्या मते तिथेच राहावं. पुढच्या भिंतीत असेल तर मात्र फॅशिया नमुन्याबरोबर (काढलेल्या भागाबरोबर) यायला हवा. मार्जिनशी (ट्यूमरभोवतीच्या निरोगी कडेशी) तडजोड नको. तेव्हा सेमिनल व्हेसिकल (प्रोस्टेटमागच्या वीर्यग्रंथी) उघडी दिसतील. ट्यूमर ओलांडून खाली आलात की फॅशिया आडवा कापून मागच्या प्लेनमध्ये (थरात) परता. पुढेच राहिलात तर प्रोस्टेटचं कॅप्सूल सोलवटतं आणि रक्तस्राव सुरू होतो.

खरा धोका मध्यात नाही, कडेला आहे. तिथे फॅशियाचे पदर फाकतात आणि त्यांच्यालगत न्यूरोव्हॅस्क्युलर बंडल (नसा आणि रक्तवाहिन्यांचा जुडगा) असतं. युरॉलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) वॉल्श आणि डोंकर यांनी 1982 मध्ये त्यातल्या नसांचा मार्ग दाखवला, तेव्हापासून प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत त्या वाचवणं शक्य झालं. घड्याळाच्या तबकडीवर दिशा सांगताना युरॉलॉजिस्ट त्यांची जागा 5 आणि 7 वाजता सांगतात, आपण गुदाशयाकडून पाहतो म्हणून 10 आणि 2 म्हणतो. बंडल तेच. इथे इजा झाली तर रुग्णाची लैंगिक क्षमता जाऊ शकते, आणि ऑपरेशनआधी त्याच्याशी हे स्पष्ट बोललंच पाहिजे.

म्हणून एमआरआय स्वतः पाहा, ट्यूमर घड्याळात किती वाजता आहे ते आधी ठरवा. सेमिनल व्हेसिकलच्या बाहेरच्या टोकाशी पोहोचलात की ट्रॅक्शन (ऊतींवरचा ताण) सैल करा. तिथे रक्त आलं तर आंधळेपणानं कॉटरी (जाळून रक्त थांबवणारं विजेचं उपकरण) लावू नका, आधी गॉज दाबून थांबा.