बहीण पंथात गेली, आता बोलायचं कसं?

प्रश्न: ताई, माझी धाकटी बहीण वर्षभरापूर्वी एका पंथात गेली, नोकरी सोडली, आता फोन केला की स्पीकरवर ठेवते आणि प्रत्येक वाक्य पाठ केल्यासारखं बोलते. बाबा म्हणतात उचलून घरी आणू. काय करू?

उत्तर: उचलून आणू नका, प्लीज. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'डिप्रोग्रॅमिंग'च्या, म्हणजे डोक्यातून पंथ काढून टाकण्याच्या नावाखाली घरच्यांनी मुलांना पळवून, कोंडून ठेवलं, काही सुटले पण काही जण उलट पंथाला आणखी घट्ट चिकटले, आणि प्रकरणं कोर्टात गेली ती वेगळीच. पंथ तिला रोज सांगत असणार की घरचे तुझे शत्रू आहेत, आणि आपण भांडलो की ते खरं ठरतं ना! गुरूबद्दल वादच घालू नका, स्पीकरवर तर नाहीच. लहानपणीच्या गमती काढा, झोप होते का विचारा. पैसे मात्र हातात देऊ नका, घरी यायचं तिकीट काढून द्यायची तयारी ठेवा. मारहाण किंवा कोंडून ठेवल्याचं कळलं तर थेट पोलीस. आणि बाबांना एकटं सोडू नका, त्यांच्या रागाखाली भीती आहे, तुम्ही दोघं एकदा समुपदेशकाकडे जाऊन या.