पाच मुलं होती, विचारलं एकालाच

मी समुपदेशक आहे. आंब्याला मोहोर धरला की एक प्रश्न माझ्याकडे ठरल्यासारखा येतो. "मुलगा गुरख्याच्या पोरांत फार असतो, मॅडम. वाईट संगत तर नाही ना?" रत्नागिरीपासून देवगडपर्यंत कलमांच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, बोटींवरही नेपाळी खलाशी असतात. काही जण वर्षभर इथंच राहतात. त्यांची मुलं मराठी शाळेत आपल्या मुलांच्या शेजारी बसतात, क्रिकेट खेळतात, मैत्री होते. मुलांना त्यात काही वाटत नाही, घाबरतात आईबाप.

म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

नववीतला मुलगा घरात बोलेनासा झाला होता. जेवणाचं ताट उचलून खोलीत न्यायचा. आईच्या मते कारण एकच, बागेतल्या रखवालदाराचा मुलगा. "तोच फूस लावतो याला."

"तो येतो का तुमच्याकडे?"

"आता नाही येत."

"कधीपासून?"

आई अडखळली. तोवर गप्प बसलेला मुलगा म्हणाला, "बाबांचा मोबाईल हरवला तेव्हापासून."

मोबाईल ओटीवरून गेला होता. तिथं पाच मुलं होती. बाबांनी त्या एकालाच बाजूला घेऊन विचारलं. संध्याकाळी मोबाईल गाडीच्या सीटखाली सापडला.

"ओरडले नाहीत हो," आई म्हणाली, "नुसतं विचारलं. प्रेमानंच."

"आणि बाकीच्यांना?"

"ती आपल्यातलीच ना, मॅडम."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये, हे मी शिकाऊ मुलींना नेहमी बजावते. मीही गप्प राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "माझे आजोबा मुंबईत, गिरगावात एका घरी रामा, म्हणजे घरगडी होते. घरात काही नाहीसं झालं की पहिली वळकटी त्यांची सोडायचे. आजी सांगायची." मुलाला हे ठाऊकच नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. पूर्वग्रहावर मी तासभर बोलले असते तरी एवढं झालं नसतं.

पण मुलाचं दुखणं वेगळंच होतं. पुढच्या भेटीत तो एकटा आला. शाळेची सहल थिबा पॅलेसला गेली होती. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं, पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 साली तो इथंच वारला. तिथं वर्गातलं कुणीतरी त्या मित्राला म्हणालं, "बघ, तुझा आजोबा इथं राहायचा." सगळे हसले. "मी पण हसलो, मॅडम." (खरं तर थिबाची नात टुटू रत्नागिरीतच संसार करून, मराठी बोलत म्हातारी झाली. हसणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत होतं कुणास ठाऊक.)

म्हणजे बापावरचा अर्धा राग स्वतःवरचा होता. आमचं घर वाईट, मीही तसलाच, असा निवाडा त्यानं करून टाकला होता. माणसाला घटनेपेक्षा तिच्यावरून काढलेला असा निवाडा जास्त छळतो, ही माझी जुनी श्रद्धा. "हसणं चुकलं" आणि "मी वाईट" ही दोन वाक्यं आम्ही वेगळी केली. मग तो आपणहून मित्राकडे गेला. मित्र म्हणाला, "आधी नकाशात नेपाळ आणि ब्रह्मदेश दाखव, मग बोलू."

पालक मला सांगतात, आमच्याकडे वर्षानुवर्षं नेपाळी माणसं आहेत, आमच्या मनात काही नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 सालीच म्हटलं होतं की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाही, नातं बरोबरीचं लागतं, काम एकत्र करावं लागतं. मालक ओटीवर आणि रखवालदार पायरीखाली, असा सहवास वीस वर्षं चालला तरी काही विरघळत नाही. मुलं मात्र एका टीममध्ये असतात, एकाच बाईंच्या शिव्या खातात. जे घराला जमलं नाही ते त्यांना आपसूक जमतं, आणि आपण नेमकं तेच तोडायला निघतो.

काळजी करू नका असं मी म्हणत नाही. रात्री कुठं असतात, पैसे कुठून येतात, तोंडात गुटखा आहे का, हे जरूर बघा. फक्त शेजारच्या मुलाबद्दल जे विचाराल तेच याच्याबद्दल विचारा. वस्तू हरवली तर सगळ्यांना विचारा, नाहीतर कुणालाच नको. "किती छान मराठी बोलतोस रे!" हे कौतुकही आवरा. तो पहिलीपासून इथंच शिकतोय.

वडील एकदाच आले. "मी काय आता गुरख्याच्या पोराची माफी मागू?" मी म्हटलं, "आधी तुमच्या मुलाशी बोला. त्याच्यासमोर घडलंय ते." हे त्यांना पटलं. पुढचं त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. मोबाईलच्या वेळी ओटीवर होती ती सगळी मुलं जेवायला बोलावली आणि पानावर बसल्यावर म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं."

आईचा अधूनमधून फोन येतो. परवाची तक्रार अशी, की दोघंही गणितात नापास झालेत, आणि तिनं दोघांनाही सारखंच झापलंय.