स्वयंचलित की स्वबळावर चालणारे?

पुण्यातल्या पाषाणच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचक ताईंचा प्रश्न आहे: ‘विज्ञानदिनाला शाळेतल्या मुलांशी मराठीत बोलायचंय. सेल्फ-प्रोपेल्ड कॅटॅलिटिक मायक्रोपार्टिकल्सना “स्वयंचलित उत्प्रेरक सूक्ष्मकण” म्हणू का? आणि त्यांच्या मोशन कंट्रोलला “गतिनियंत्रण”?’

‘सूक्ष्मकण’ अगदी योग्य. ‘स्वयंचलित’ मात्र मला खटकतं. हा शब्द ऐकला की मुलांना मॉलचं आपोआप सरकणारं दार आठवणार. माणसाचा हात लागत नाही एवढंच तो सांगतो. जोर कुठून आला याबद्दल काही बोलत नाही. इथे तर मुद्दाच जोराचा आहे. २००४ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात असेच कण, म्हणजे ज्या कांड्या चालवून दाखवल्या, त्या जेमतेम २ मायक्रोमीटर लांब होत्या, अर्धी प्लॅटिनमची, अर्धी सोन्याची. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात त्या सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापटीपर्यंत अंतर कापत. प्लॅटिनमच्या टोकाशी पेरॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, ते कांडीतून सोन्याकडे जातात. प्रोटॉन बाहेरून, पाण्यातून त्याच दिशेने जातात आणि कडेचं पाणी सोबत ओढतात. पाणी मागे सरतं, कांडी प्लॅटिनमचं टोक पुढे करून निघते.

आपण विचारतोच ना, ‘कुणाच्या जिवावर उड्या मारतोस?’ या कांड्यांना जीव नाही, म्हणून मी ‘स्वबळावर चालणारे’ म्हणेन. इंधन द्रावणातलं हे खरं, पण आपणही बाहेरचंच अन्न खाऊन स्वतःच्या पायांनी चालतो.

मुलांना हे दाखवताही येईल. मी भाचीला स्वयंपाकघरातच दाखवलं. किसलेल्या कच्च्या बटाट्याच्या रसात गाळणकागदाची टिकली भिजवली आणि केमिस्टकडच्या ३ टक्के पेरॉक्साइडच्या पेल्यात सोडली. टिकली तळाशी गेली, अंगभर बारीक बुडबुडे धरले आणि हळूहळू वर आली. बटाट्यातलं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, तोच तिला उचलतो. कांडीला बुडबुड्यांची गरज पडत नाही, हा फरक मात्र जरूर सांगा.

‘उत्प्रेरक’ला हात लावू नका. त्यात ‘ईर्’ हा धातू आहे, त्याचा अर्थ हलणे, हलवणे. एरवी उत्प्रेरक फक्त रासायनिक क्रियेला वेग देतो, ‘प्रेरणे’ हा अर्थ आपण विसरूनही जातो. या कांड्यांत उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम आणि सोनं, आणि तिथे तो अर्थ शब्दशः खरा होतो, आणि मला त्याचा फार आनंद वाटतो.

राहिलं ‘गतिनियंत्रण’. गती म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘किती जोरात’ एवढंच वाटतं. ते पेरॉक्साइड कमी-जास्त करून साधतं. खरी अडचण दिशेची. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडकत असल्यामुळे इतक्या लहान कणाचं तोंड काही क्षणांत भलतीकडे फिरतं. म्हणून २००५ मध्ये कांडीत निकेलचे पट्टे घालून बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने ती वळवली गेली. चुंबक कांडीला ओढत नाही, फक्त तिचं तोंड फिरवतो. चालते ती स्वतःच. तेव्हा ‘चुंबकाने ओढले’ असं चुकूनही म्हणू नका, ‘वळवले’ म्हणा. नामच हवं असेल तर ‘सुकाणू’ आहेच. हा अरबीतून आलेला दर्यावर्दी शब्द. नाव चालवणारं बळ निराळं, सुकाणू फक्त वळवतं. शीर्षकात मी लिहिलं असतं: ‘स्वबळावर चालणाऱ्या उत्प्रेरक सूक्ष्मकणांची चाल आणि सुकाणू’.