क्वेकरांच्या सात-आठ जणांच्या गटात उपासनेला जावं की मोठ्या चर्चमध्ये, आणि मुलांचं काय, असं तुम्ही विचारलंय. (क्वेकर हा ख्रिस्ती लोकांचाच एक पंथ.)

दोन्हीकडचा चहा प्यायले आहे, म्हणून लिहिते. माहेर नगरचं, चार पिढ्या मराठी ख्रिस्ती. मी इंग्लंडच्या उत्तरेला नर्स आहे.

२०१९ मध्ये बाबा गेले. मला तिकीट मिळेपर्यंत दफनही उरकलं होतं. आमच्या चर्चच्या ऑफिसात दादाला पहिला प्रश्न काय विचारला? "वर्गणी कुठपर्यंत भरलीय?" चौदा महिन्यांची थकली होती. अंथरुणावर होता हो माणूस! पैसे भरून पावती दाखवली, तेव्हा कबरस्तानाची चिठ्ठी मिळाली. बाबांनी तिथेच तीस वर्षं संडे स्कूल घेतलं होतं.

त्या रविवारी मी इथल्या क्वेकर गटात गेले. वाचनालयाच्या वरची भाड्याची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, सात माणसं. पाळक नाही, वेदी नाही, गाणं नाही. तासभर गप्प बसायचं. आतून अगदीच राहवलं नाही तर उठून बोलायचं. हीटर टकटक करत होता, कुणाचं तरी पोट गुरगुरत होतं. मी उठले आणि मराठीतून सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." निम्म्यावर घसा दाटला. खाली बसले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी सगळ्यांनी हात मिळवले, तास संपल्याची खूण तीच. मग कप विसळताना एक आजी म्हणाल्या, "काय म्हणालीस ते सांगू नकोस. ऐकलं मी."

दादा चर्चचा पंच आहे, म्हणजे तिथल्या कारभारी मंडळात. तो म्हणतो, सात टाळकी गप्प बसली तर त्याला चर्च नाही, वेटिंग रूम म्हणतात. मी त्याला १९४७ चं शांततेचं नोबेल ऐकवलं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं होतं ते. तो म्हणाला, "बघ, संस्थांनाच मिळालं ना? तुमच्या सात जणांना नाही." एवढं मात्र त्याचं खरं. आमचा गटही क्वेकरांच्या मोठ्या सभेच्या आधारावरच उभा आहे.

आणि हो, तुम्ही मुलांचं विचारलंय. मुलं लहान असतील तर मोठ्या चर्चमध्येच जा. गाणी, नाताळचं नाटक, बरोबरीची पोरं. आमच्याकडे यातलं काही नाही. शिवाय क्वेकर मतदान करत नाहीत. क्लार्क, म्हणजे बैठक चालवणारा, तिथेच ठराव लिहून वाचतो, सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं. नवा हीटर घ्यायला आम्हाला पाच महिने लागले, एका निवृत्त मास्तरांमुळे. मोठ्या चर्चमध्ये असा माणूस दिसला की मागच्या बाकावर सरकता येतं. सात खुर्च्यांत कुठे सरकणार? सगळेच क्वेकर गप्प बसतात असंही नाही. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत, तिथे पास्टरही असतात आणि गाणीही.

पण वर्गणीचं रजिस्टर आमच्याकडे नाही. दाराशी डबा असतो, कुणी किती टाकले ते कुणी बघत नाही. दादाला हे दहादा सांगितलं. ती पावती मी बाबांच्या बायबलमध्ये जपून ठेवलीय. तो म्हणतो फाडून टाक. ऑफिसातून कुणी येऊन आईची माफी मागू दे, मग फाडते.