ग्रामसभा, ठराव आणि कोरी पाने : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे एकत्र वाचताना लक्षात आले की गावे निरनिराळी असली तरी गोंधळ एकच आहे. ग्रामसभा, ग्रामपंचायतीची मासिक सभा आणि चावडीवर जमलेली गावकऱ्यांची बैठक या तीन वेगळ्या गोष्टी असून त्यांचे अधिकारही वेगळे आहेत. लोक मात्र तिन्हींना ‘मिटिंग’ म्हणतात आणि तिन्हींतल्या निर्णयाला ‘ठराव’ म्हणतात. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून ग्रामपंचायतींची दप्तरे तपासताना जी भांडणे माझ्यासमोर आली, त्यांतली बरीचशी याच सरमिसळीतून उगवलेली होती. म्हणून वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला जेमतेम पन्नास माणसे असताना ठराव झाले. ते वैध आहेत का? शिवाय वर्षाला सहा ग्रामसभा सक्तीच्या असताना चारच घेतल्या जातात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे तुमची पन्नास माणसांची सभा मूळ सभा होती की तहकूब सभा, हे आधी सूचना आणि इतिवृत्त पाहून ठरवा आणि मगच आक्षेप घ्या. सहा सभांची अट जुनी आहे; कायद्यात दुरुस्ती होऊन आता आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. पुरेसे कारण नसताना सभा बोलावण्यात कसूर करणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. तशी तक्रार करण्यापूर्वी मागील सभांच्या सूचनांच्या प्रती घेऊन गटविकास अधिकाऱ्यांना भेटा.

प्रश्न : ग्रामसभेत हात वर करून सरपंचाला काढता येते, असा संदेश मोबाईलवर फिरत आहे. खरे आहे का?

नाही.

एवढ्यावर हे पत्र संपवता आले असते, परंतु असे संदेश का टिकून राहतात तेही समजून घेतले पाहिजे. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द होऊन निवड सदस्यांकडे गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणीतरी लिहिलेला मजकूर आजही तारीख न लावता पुढे ढकलला जातो. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे अविश्वासाचा प्रस्ताव आणता येत नाही. त्यानंतर तो सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो, आणि मग विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. सदस्यांनी प्रस्तावाची सूचना तहसीलदारांकडे द्यायची असते आणि त्या कागदात थोडी जरी चूक राहिली तरी पुढची सारी प्रक्रिया न्यायालयात कोसळते, हे मी पाहिले आहे. सूचना लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न : ग्रामसभेत आम्ही ज्याला विरोध केला तोच ठराव नंतर ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून पुढे आला. आमच्या सह्या मात्र खऱ्या आहेत. असे कसे होते?

असे होते, कारण तुम्ही सही हजेरीसाठी केली आणि ती ठरावासाठी वापरली गेली. या विषयावर मी अनेकदा लिहिले आहे आणि पुन्हा सविस्तर लिहितो, कारण ग्रामपंचायतीच्या कारभारातला याहून मोठा धोका मला दिसत नाही. निधी चुकीच्या कामावर खर्च झाला तर निदान लेखापरीक्षणात त्याचा माग लागतो; पण सभेची नोंदच चुकीची झाली तर ती चूक कागदावर सत्य बनते आणि पुढचा प्रत्येक अधिकारी ती सत्य मानूनच काम करतो.

एका गावात पाण्याची टाकी कोठे बांधायची यावर दोन तास चर्चा झाली होती. उंचावरच्या वस्तीला पाणी पोहोचत नाही म्हणून टाकी तिथेच घ्यायची, असे ठरले. काही महिन्यांनी दप्तर तपासताना माझ्यासमोर आलेल्या ठरावात जागा दुसरीच होती, आणि त्याच वस्तीतल्या बायाबापड्यांच्या सह्या व अंगठे त्या ठरावाच्या पानांना जोडलेले होते. त्या बायका शपथेवर सांगायला तयार होत्या, पण तोवर निविदा निघून खोदकाम सुरू झाले होते. एका सभेची नोंद एका संध्याकाळी वाचून घेतली असती तर पुढची वणवण टळली असती.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. हजेरी आणि इतिवृत्त या वेगळ्या नोंदी आहेत. हजेरीची सही करताना पानाच्या माथ्यावर सभेचा दिनांक आणि ‘उपस्थिती’ हे शब्द लिहिलेले आहेत का ते पाहा आणि शेवटच्या सहीखाली रेघ मारून उपस्थितांची संख्या अक्षरी लिहायला सांगा. कोऱ्या पानावर कोणत्याही सबबीखाली सही करू नका. ‘नंतर व्यवस्थित अक्षरात लिहून काढतो’ हे वाक्य ऐकले की तिथेच थांबा, मग ते बोलणारा माणूस कितीही ओळखीचा असो. प्रत्येक ठरावाला क्रमांक, विषय, सूचक आणि अनुमोदक असतात; त्यांची नावे सभेतच मोठ्याने वाचली गेली पाहिजेत. दोन ठरावांमध्ये सोडलेली मोकळी जागा ही भविष्यातल्या ठरावासाठी ठेवलेली जागा समजावी. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असे एक कलम असते आणि माझ्या अनुभवात नको असलेले ठराव बहुतेक वेळा तिथेच घुसवलेले सापडतात. तेव्हा लोक उठू लागले तरी तुम्ही त्या कलमापर्यंत बसून राहा. विरोध असेल तर नुसते ओरडू नका, ‘माझा विरोध नावासह नोंदवा’ असे म्हणा, आणि तो नोंदवला नाही असे वाटल्यास दुसऱ्याच दिवशी तेवढ्याच मजकुराचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन त्याची पोच घ्या. पोच हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो. तोंडी तक्रारीला दप्तरात जागा नसते. पुढच्या सभेचा पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो, तेव्हा हरकतीची दुसरी संधी मिळते आणि तीही बहुतेक जण चहा येईपर्यंतचा वेळ समजून दवडतात.

तुमच्या प्रकरणात आता माहितीच्या अधिकाराखाली इतिवृत्त, हजेरी आणि सभेची सूचना या तिन्हींच्या प्रती मागा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर न आल्यास प्रथम अपील करा. प्रती हाती आल्यावर त्या घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. खाडाखोड किंवा बनावट सही दिसत असेल तर मात्र पुढचे पाऊल वकिलाला विचारूनच टाका, कारण तो विषय फौजदारी होतो.

प्रश्न : महिला सभा कागदावरच होते आणि ग्रामसभेत सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी बसून त्यांचे पतीच बोलतात. काय करावे?

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि सरपंचाच्या पतीला पदाचा कोणताही अधिकार नाही. ग्रामपंचायतींत महिलांना २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे ते निर्णय घेण्यासाठी आहे. पाच-दहा जणींनी मिळून महिला सभेच्या सूचनेची प्रत लेखी मागा आणि विस्तार अधिकाऱ्यांना भेटा.

प्रश्न : शहरालगतच्या गावात ‘ग्रामपंचायत एन.ए.’ प्लॉट स्वस्तात मिळतो आहे. विक्रेता म्हणतो की ग्रामपंचायतीची नोंद व आठ-अ उतारा आहे, म्हणजे मालकी पक्की. घ्यावा का?

‘ग्रामपंचायत एन.ए.’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. जमिनीच्या अकृषिक (एन.ए.) वापराचा विषय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली महसूल खात्याकडे आहे. ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर फलक रंगवून विकला जाणारा शब्द म्हणजे तुमच्या अज्ञानावर केलेला व्यापार आहे.

दुसरी फसवणूक अधिक चतुर आहे. तलाठ्याकडे मिळणारा गाव नमुना ८-अ हा खातेदाराच्या नावावरील शेतजमिनीचा उतारा असतो, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीसाठी केलेली आकारणी नोंदवही असते. दोन्हींना लोक ‘आठ-अ’ म्हणतात आणि विक्रेत्याला नेमके तेच हवे असते. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतले नाव कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगते. त्याने मालकी मिळत नाही आणि गेलेली मालकी परतही येत नाही. त्याचप्रमाणे नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तानेच होते. ‘आत्ता नोटरी करा, रजिस्ट्री पुढच्या महिन्यात’ असे सांगितले जात असेल, तर अडचण तुकडेबंदी कायद्याची, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरील बंदीची, असण्याची शक्यता मोठी आहे आणि ती विक्रेत्याला ठाऊकही असते.

गावठाणातल्या घरांसाठी २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत आणि तो कागद नमुना ८ पेक्षा निश्चितच वजनदार आहे. पण तुमचा प्लॉट गावठाणाबाहेर असेल तर ही योजना तुम्हाला लागू नाही, मग दलाल काहीही सांगो. पैसे देण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि वापराचा मंजूर आदेश घेऊन दिवाणी वकिलाकडून शोध अहवाल करवून घ्या. तुकडेबंदीच्या नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने तुमच्या गटापुरती सद्यस्थिती तहसील कार्यालयात विचारा. विसार देऊन नंतर विचारणाऱ्यांची पत्रेच मला अधिक येतात.

प्रश्न : पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून मंदिराचा सभामंडप बांधता येईल का?

नाही. २०२१ ते २०२६ या कालावधीच्या या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित आहे; उरलेला ४० टक्के भागही संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतील विषयांसाठी आहे आणि धार्मिक वास्तू त्यात येत नाही.

प्रश्न : गावाने सरपंचपदासाठी बोली लावून सर्वाधिक रक्कम देणाऱ्याला बिनविरोध निवडायचे ठरवले आहे. पैसे देवळाच्या कामाला जाणार आहेत. यात गैर काय?

पद विकणे हेच गैर आहे, पैसे कोठेही जावोत. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे अशा लिलावांची प्रकरणे पुढे आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुका रद्द केल्या. बिनविरोध निवड समजुतीने होत असेल तर तिचे स्वागत आहे, पण ज्याच्याकडे बोलीचे पैसे नाहीत त्याचा उमेदवारीचा हक्क काढून घेणारी समजूत ही समजूत नव्हे. ज्यांना दबाव आणून अर्ज मागे घ्यायला लावले जात आहे त्यांनी मतदानाची वाट न पाहता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

प्रश्न : भावकीच्या वादातून गावकीने आमच्या घराला दंड केला. तो न भरल्यामुळे लग्नकार्याला कोणी बोलावत नाही आणि दुकानदार माल देत नाही. तंटामुक्ती समितीही त्यांच्याच बाजूने आहे.

दंड भरू नका आणि आणखी वाट पाहू नका. गावकीला किंवा जातपंचायतीला दंड करण्याचा अधिकार नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतील समितीचे कामही दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड घडवणे एवढेच आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा अधिनियम २०१७ पासून लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गावाने सामाजिक विषयात एकत्र येऊच नये असे माझे म्हणणे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. त्या ठरावाने स्त्रियांवरचे ओझे उतरले, तुमच्या गावकीचा निर्णय मात्र तुमचे जगणे रोखतो आहे. कोणी, केव्हा, कोणासमोर काय नाकारले याचे टिपण तारखेनिशी काढून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. घरातील तक्रारदार स्त्री असेल किंवा कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचे असेल तर उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

प्रश्न : आमच्या प्रभागातील सदस्याने सरकारी गायरानात अतिक्रमण केले आहे. घर वडिलांच्या नावावर असल्याने त्याला काही होत नाही, असे तो सांगतो.

त्याचे सांगणे चूक आहे. शासकीय जमिनीवरील अतिक्रमण हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अनर्हतेचे कारण आहे आणि कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहून लाभ घेणारा सदस्यही त्यात येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. मोजणीचा नकाशा किंवा पंचनामा जोडल्याशिवाय तो टिकत नाही, म्हणून कागद वकिलाला दाखवून घ्या.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत मोजणी चुकीची झाली असे आता कळले. निकालाला आव्हान देता येईल का?

निवडणूक याचिका निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे दाखल करायची असते आणि ती मुदत केव्हाच संपली आहे. तरीही हाती असलेला पुरावा एकदा वकिलाला दाखवा, आणि तो या आठवड्यातच दाखवा.